एकच सामना, तीनशे प्रवाह

७ जून २०१०. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत होते आणि मंचावरच्या फोनवर एक साधं वेबपेज काही केल्या उघडेना. थोड्या वेळाने त्यांनीच कारण सांगितलं. सभागृहात त्या क्षणी ५७० वाय-फाय केंद्रं चालू होती. त्यांतली बरीचशी श्रोत्यांनी खिशातून आणलेली छोटी हॉटस्पॉट यंत्रं होती. लॅपटॉप मिटून खाली ठेवा आणि वाय-फाय बंद करा, अशी विनंती त्यांना भर सभेत करावी लागली. ॲपलसारख्या कंपनीकडे पैसा, माणसं, लाइन, कशाचीच ददात नव्हती. त्या सभागृहात वाय-फायच्या लहरींना हवा कमी पडली होती.

ई-स्पोर्ट्सचे सामने चारचौघांत बसून पाहणाऱ्यांची आजची तक्रार याच जातीची आहे. तशी ही हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ झाली, तेव्हा डोटा २ पाहायला लोक तिकीट काढून आले होते. बीजीएमआय या मोबाइल गेमच्या बीजीआयएस स्पर्धेची अंतिम फेरी २०२४ मध्ये हैदराबादला आणि २०२५ मध्ये कोलकात्याला प्रेक्षकांसमोर खेळली गेली. पण प्रत्यक्ष तिथवर पोचणारे थोडे. बाकीचे कॉलेजच्या हॉलमध्ये, होस्टेलच्या कॉमन रूममध्ये, गेमिंग कॅफेत, नाहीतर लोकलच्या दारात उभं राहून यूट्यूबवर पाहतात. आणि शेवटच्या झोनमध्ये दोन संघ उरले की नेमकं गोल चक्र फिरायला लागतं. ‘लॅग मारतंय यार’ असं कुणीतरी ओरडतो आणि सल्ल्यांना ऊत येतो: डीएनएस बदल, व्हीपीएन लाव, राउटर बंद करून चालू कर, मालकाला सांग मोठा प्लॅन घे.

या सगळ्या उपायांमध्ये तथ्य किती, हे एकदा नीट पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गर्दीतला लॅग वेग विकत घेऊन सहसा जात नाही. एकच सामना एकाच हवेतून किती वेळा आणला जातोय, यावर बरंचसं ठरतं.

आधी निदान. लॅग म्हणून जे सांगितलं जातं त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असतात. चित्र थांबतं आणि चक्र फिरतं. चित्र चालू राहतं, पण चौकटी-चौकटींचं, धुरकट होतं. चित्र स्वच्छ असतं, पण अडखळत चालतं. किंवा सगळं उत्तम चाललेलं असतं, फक्त शेजारच्या टेबलावरचा जल्लोष आपल्याआधी वीस सेकंद होतो. पहिल्या दोन तक्रारी नेटवर्कच्या, तिसरी बहुधा फोनची, आणि चौथी स्ट्रीमच्या रचनेची. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही, उलट कधीकधी अपाय करतं.

यूट्यूबमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा एक पर्याय आहे. फोनच्या ॲपमध्ये तो आधी सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. त्यातल्या तीन ओळी पुरेशा आहेत. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढचे किती सेकंद आपल्या फोनमध्ये येऊन पडलेत. ‘लाइव्ह लेटन्सी’ म्हणजे आपण प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या किती मागे आहोत. आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ म्हणजे येऊनही दाखवता न आलेली चित्रं. बफर शून्याला टेकत असेल तर नेटवर्कला दोष द्या. बफर भरलेला आहे आणि ड्रॉप्ड फ्रेम्स वाढतायत, तर वाय-फायवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, फोन दमलाय. मे महिन्यात, पंखे असलेल्या हॉलमध्ये, जाड कव्हरात, चार्जिंगला लावलेला फोन तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. कव्हर काढा, चार्जर काढा, ६० फ्रेमवरून ३० वर या. तिसऱ्या तक्रारीचा निकाल एवढ्यात लागतो.

चौथ्या तक्रारीला जरा वेळ द्यायला हवा, कारण तिच्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण सलग धारेसारखं येत नाही, तुकड्यांनी येतं. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये प्रमाणित झालेली डॅश या दोन्ही पद्धतींत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि प्लेअर ते एकामागून एक मागवत राहतो. ॲपलची शिफारस आधी दहा सेकंदांच्या तुकड्याची होती, नंतर सहाची झाली. प्लेअरने सावधगिरी म्हणून तीन तुकडे हाताशी ठेवले की अठरा सेकंद तिथेच गेले. शिवाय चित्र दाबून लहान करणं, ते सर्व्हरपर्यंत पोचवणं वगैरे. २०१९ नंतरच्या कमी-विलंबाच्या पद्धतींनी हे अंतर बरंच खाली आणलं. यूट्यूबवर प्रक्षेपण करणाऱ्याला आज तीन पर्याय मिळतात. सर्वांत कमी विलंबाचा पर्याय निवडला तर बहुतेक प्रेक्षक पाच सेकंदांच्या आत असतात, पण त्याबरोबर १४४०पी आणि ४के सोडावं लागतं आणि चित्र अडकण्याची शक्यता वाढते, हे यूट्यूब स्वतःच सांगतं.

ई-स्पोर्ट्समध्ये यावर आणखी एक थर असतो, तो मुद्दाम घातलेला. खेळाडूने किंवा त्याच्या मित्राने स्ट्रीम पाहून प्रतिस्पर्ध्याची जागा हेरू नये म्हणून आयोजक प्रक्षेपण मागे ठेवतात. बॅटल रॉयालमध्ये, विशेषतः घरून खेळल्या जाणाऱ्या फेऱ्यांत, हे अंतर काही मिनिटांचंही असू शकतं. हा विलंब जगातल्या कुठल्याही राउटरने कमी होणार नाही, आणि होऊही नये.

म्हणून गर्दीच्या जागी फोनवर पाहणाऱ्याने थेट क्षणाच्या मागे धावू नये. ‘लाइव्ह’चं लाल बटण पुन्हापुन्हा दाबणारा माणूस दर वेळी आपला साठा फेकून देतो आणि पुढच्याच धक्क्याला अडकतो. उलट स्ट्रीम मुद्दाम अर्धा मिनिट थांबवून मग सुरू करा. आयोजकांनी मागे जाण्याची सोय बंद केलेली नसेल तर तेवढे सेकंद फोनमध्ये जमा होतात आणि हवा थोडा वेळ बिघडली तरी चित्र चालू राहतं. मात्र मग चॅट मिटून ठेवा आणि कानात इअरफोन घाला. चार मित्र एकत्र असतील तर चौघांनी एकाच फोनवर पाहावं. हा सल्ला गरिबीचा वाटेल, पण तांत्रिकदृष्ट्या याहून चांगला सल्ला सापडणं कठीण.

का, ते कळायला हवेकडे वळावं लागतं. सामन्याचा उगम सहसा अपुरा पडत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. ई-स्पोर्ट्सची आपल्याकडची गर्दी त्याच्या जवळपासही नाही. तुकडे पोचवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हर मोठ्या शहरांतच नव्हे, अनेकदा तुमच्या ब्रॉडबँड कंपनीच्या आतच ठेवलेले असतात. खोळंबा होतो तो शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये.

वाय-फायचा मूळ नियम असा की एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, शांतता असेल तर बोलतं, दोघं एकदम बोलले तर दोघांनाही पुन्हा बोलावं लागतं. म्हणजे वाटून घ्यायची गोष्ट एमबीपीएस नसून वेळ आहे. पंगतीत वाढपी एकच असावा आणि एका पाहुण्याने प्रत्येक पदार्थ चार-चार वेळा विचारून घ्यावा, तसं दूर कोपऱ्यातल्या, भिंतीआडच्या किंवा जुन्या फोनचं होतं. त्याला सिग्नल क्षीण मिळतो, म्हणून तो सावकाश बोलतो. तेवढाच व्हिडिओ उतरवायला जवळच्या फोनपेक्षा त्याला दहापट वेळ लागतो आणि तोवर बाकीचे ताटकळत बसतात. एक मागचा बाकडा सगळ्या वर्गाला मागे ओढतो.

त्यात सामना पाहणाऱ्यांची एक खास अडचण. व्हिडिओचा पुढचा तुकडा सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकाच क्षणी तयार होतो. थेट टोकाला चिकटून पाहणारे शंभर फोन तो एकाच क्षणी मागतात. मग दोन-तीन सेकंद शांतता, मग पुन्हा शंभर मागण्या. दिवसभर व्हॉट्सॲप आणि यूपीआयसाठी व्यवस्थित चालणारा कॅफेचा वाय-फाय अंतिम सामन्याच्या संध्याकाळी मान टाकतो, त्याचं एक कारण हे आहे.

थोडा हिशेब करू. ई-स्पोर्ट्सला ६० फ्रेम लागतात. गवतातून धावणारा खेळाडू, धूर, स्फोट, असं चित्र दाबायला कठीण, म्हणून क्रिकेटच्या स्थिर कॅमेऱ्यापेक्षा जास्त डेटा खातं. १०८०पी, ६० फ्रेमला पाच-सहा एमबीपीएस धरा, ७२०पीला साडेतीन-चार. एका ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फायच्या एका केंद्राला, २० मेगाहर्ट्झचा एक चॅनल दिला, तर वाय-फाय ५ च्या साध्या दोन-अँटेनांच्या फोनशी तो कागदावर १७३ एमबीपीएसने बोलतो. गर्दीत त्याच्या निम्मे हाती लागले तरी नशीब. म्हणजे ७२०पीचे वीसेक प्रेक्षक. तीनशे जणांचा हॉल असेल तर असे पंधरा ॲक्सेस पॉइंट, आणि प्रत्येकाचा चॅनल वेगळा हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. तेही ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि शेजारच्या दुकानांनी भरलेले. हॉलची लाइन एक गिगाबिटची असली काय आणि दोनची असली काय, या पट्ट्यावर तीनशे जणांना सामना दाखवता येणार नाही.

५ गिगाहर्ट्झला जागा आहे. भारत सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केला, त्यामुळे २० मेगाहर्ट्झचे वीसहून जास्त चॅनल मिळतात. पण बाजारातून आणलेला राउटर ८० मेगाहर्ट्झवर लावलेला येतो, कारण खोक्यावर मोठा आकडा छापायचा असतो. घरात ते ठीक. गर्दीच्या हॉलमध्ये एक माणूस चार चॅनल अडवून बसल्यासारखं होतं. तिथे रुंदी २० वर आणा, फार तर ४०. एकेकट्या फोनचा वेग कमी दिसेल, पण सगळ्यांचा सामना चालेल. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट दाखवायचा असेल तर ८० ठेवा.

जाणकार माणूस हॉलमध्ये आला की करतो ती बाकीची कामंही अशीच उलटी वाटणारी. तो ॲक्सेस पॉइंटची शक्ती कमी करतो, म्हणजे शेजारचे दोन एकमेकांना ऐकून गप्प बसणार नाहीत. सर्वांत सावकाश गती, १ आणि २ एमबीपीएसच्या, तो बंद करतो, कारण ॲक्सेस पॉइंट आपलं नाव दर सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारत असतो आणि हा पुकारा परवानगी असलेल्या सर्वांत सावकाश गतीने होतो. ‘गेस्ट’, ‘स्टाफ’, ‘व्हीआयपी’, ‘प्लेअर्स’ अशी सहा नावं असतील तर सहापट पुकारा. तो दोन-तीन नावांवर आणतो. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी आहे आणि पाणी या लहरी शोषतं, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये सकाळी केलेली चाचणी संध्याकाळी निरुपयोगी ठरते. तो ॲक्सेस पॉइंट माणसांच्या डोक्यांवर, छताला लावतो. परदेशातल्या मोठ्या स्टेडियममध्ये ते खुर्च्यांखालीही बसवतात, म्हणजे आडवी येणारी माणसंच भिंतीचं काम करतात आणि एकाच चॅनलचा थोड्या अंतरावर पुन्हा वापर करता येतो. वाय-फाय ६ मध्ये एकाच फेरीत अनेक फोनांना थोडंथोडं देण्याची सोय आली, ती खास अशा गर्दीसाठी. तिचा फायदा मात्र हॉलमधले बहुतेक फोन वाय-फाय ६ चे असतील तेव्हाच. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यासाठी केंद्राने मे २०२५ मध्ये मसुदा नियम काढले, त्यांचा रोखही घरातल्या-इमारतीतल्या वापराकडे होता. हा पट्टा वापरणारे फोन हातोहाती आले की हॉलवाल्यांना खरा मोकळा श्वास मिळेल.

आणि हॉटस्पॉट. हॉलचा वाय-फाय रडायला लागला की प्रत्येक गटातला एकजण फोनचं हॉटस्पॉट चालू करतो. त्याचं नाव, त्याचा पुकारा, त्याचा चॅनल हवेत आणखी भर घालतात. हॉलचा वाय-फाय आणखी बिघडतो. आणखी चारजण हॉटस्पॉट लावतात. मॉस्कोनी सेंटरमधल्या ५७० केंद्रांतही अशीच खिशातली यंत्रं बरीच होती. आयोजकाने माईकवरून ‘हॉटस्पॉट बंद ठेवा’ असं सांगणं हा फुकटचा आणि बऱ्यापैकी परिणामकारक उपाय आहे. आपल्याकडे माईकवरून गाडीचे नंबर सांगतात, हे कुणी सांगत नाही.

कधीकधी सगळं तांत्रिक गणित बरोबर असतं आणि तरी दोनशे चोपन्नाव्या माणसाला नेट मिळत नाही. साध्या राउटरकडे वाटायला २५४ आयपी पत्ते असतात, एक तो स्वतःकडे ठेवतो, आणि दिलेला पत्ता अनेकदा चोवीस तास राखून ठेवतो. सकाळच्या फेरीला येऊन गेलेल्या माणसाचा फोन घरी पोचला तरी त्याचा पत्ता अडकलेलाच. पत्त्याची मुदत तासाभरावर आणायची, पत्त्यांचा साठा वाढवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ओटीपीने लॉगिन करायला लावणाऱ्या पानाचंही तसंच: मोबाइलचं नेटवर्क कोंडलेलं असताना ओटीपीचा एसएमएस येणार कसा? रेल्वे स्टेशनांवर हा अनुभव अनेकांनी घेतलाय. तिथला मोफत वाय-फाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गूगल आणि रेलटेलने सुरू केला, २०२० मध्ये गूगल बाहेर पडलं, रेलटेलने तो चालू ठेवला. स्टेशनचा वाय-फाय तिकीट आणि मेसेजपुरता चांगला; गर्दीच्या वेळी त्यावर सामना पाहायची अपेक्षा ठेवू नये.

आता लाइनबद्दल, कारण तिच्या वाट्याला दोष जितका येतो तितका तिचा नसतो, पण थोडा असतो. छोट्या कॅफेत अडचण सहसा वर जाणाऱ्या बाजूची. सीसीटीव्ही दिवसरात्र क्लाउडवर चढत असतो. शिवाय फुकट वाय-फाय मिळाला की पाहुण्यांचे फोन आठवणीने फोटोंचा बॅकअप आणि ॲपची अपडेट्स सुरू करतात. ही रांग राउटरच्या पोटात साठते आणि तिच्यामागे तुमच्या व्हिडिओच्या तुकड्याची छोटीशी मागणी उभी राहते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाला ‘बफरब्लोट’ म्हटलं; त्यावरची रांग-व्यवस्था, एफक्यू-कोडेल, २०१८ मध्ये प्रायोगिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटर-प्रणालीत ती ‘एसक्यूएम’ नावाने मिळते. लाइनचा जो खरा वेग मोजून येतो त्याच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा ठेवायची, म्हणजे रांग आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते आणि तो ती न्यायाने हलवतो. जोडीला प्रत्येक फोनला तीन-चार एमबीपीएसची मर्यादा घाला. प्लेअर शहाणा असतो. तेवढं मिळतंय म्हटल्यावर निमूटपणे ७२०पी किंवा ४८०पीवर स्थिर होतो. फोनच्या सहा इंची पडद्यावर तेवढं पुरतं, फक्त कुणी कुणाला मारलं ती कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायला ७२०पी बरं. प्रेक्षकाच्या हातात असलेली गोष्ट: अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायला ‘मीटर्ड’ म्हणून खूण करा, बॅकअप थांबतो.

वीज गेली तर काय, हेही विचारून ठेवावं. फायबरचा डबा आणि राउटर बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर तासभर सहज चालतात. कॅफेत एसीला जनरेटर असतो आणि राउटरला काही नसतं, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही.

मोबाइल डेटावर पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, निष्कर्ष तोच. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रोडवर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही: फुल रेंज आहे आणि फोटो जात नाही. फोनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. त्या टॉवरकडे आणखी किती लोक एकाच वेळी मागतायत, ते सांगत नाहीत. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि त्याची मुख्य ताकद ३.३ गिगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात आहे. हा पट्टा मैदानात उत्तम चालतो, आरसीसीच्या हॉलमध्ये मात्र भिंती त्याला अडवतात आणि फोन खालच्या, अरुंद आणि आधीच भरलेल्या पट्ट्यांवर सरकतो. म्हणून हॉलमध्ये खिडकीजवळची जागा धरणं हा शहाणपणा आहे. ५जी कोंडलं असेल तर सेटिंगमधून ४जी करून पाहा, कधीकधी उलटंही कामी येतं; दोन सिमचा फोन असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम डेटाला लावा. मोठ्या मेळाव्यांना कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणतात. कुंभमेळ्यासाठी हे होतं. तीनशे मुलांच्या बीजीएमआय फायनलसाठी कुणी आणणार नाही.

बाकीचे उपाय झटपट उरकू. डीएनएस बदलल्याने पान उघडायला क्षणभर लवकर सुरुवात होते, चालू व्हिडिओला काही फरक पडत नाही. व्हीपीएनने वाट लांब होते. ब्रॉडबँड कंपनीची एखादी वाट खरंच बिघडलेली असेल तेव्हाच तो फायद्याचा, आणि ते क्वचित. ‘गेम बूस्टर’ ॲप्स मोबाइलमधली जागा आणि बॅटरी खातात. राउटर बंद-चालू केल्याने अडकलेले पत्ते आणि तापलेलं यंत्र यांना खरंच आराम मिळतो, म्हणून तो सल्ला अधूनमधून खरा ठरतो आणि त्याची कीर्ती टिकून आहे. रिपीटर मात्र गर्दीत घातक: तो प्रत्येक गोष्ट हवेतून ऐकून त्याच हवेतून पुन्हा बोलतो, म्हणजे एका कामाला दुप्पट हवा. त्याऐवजी केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.

मग मुळाशीच जाऊन असं का करू नये, की हवेतून एकदाच पाठवा आणि सगळ्यांनी ऐका? टीव्ही आणि रेडिओ हेच करतात. इंटरनेटवरही मल्टिकास्ट नावाची सोय दशकांपासून आहे, पण वाय-फायवर ती पांगळी ठरते. सगळ्यांना मिळून पाठवलेला निरोप कुणाला मिळाला, कुणाला नाही, याची पोच वाय-फायमध्ये घेतली जात नाही, आणि तो सर्वांत सावकाश गतींपैकी एकीने पाठवावा लागतो. म्हणून महागडे ॲक्सेस पॉइंट शेवटी तो निरोप प्रत्येकाला वेगवेगळा करून पाठवतात, आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो. प्रत्येक प्रेक्षकामागे वेगळा प्रवाह याचा खर्च किती, ते दक्षिण कोरियात दिसलं. गेमिंग कॅफेंची मायभूमी म्हणावी असा तो देश, पण तिथल्या नेटवर्क शुल्कापायी ट्विचने सप्टेंबर २०२२ मध्ये चित्र ७२०पीवर आणलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं दुकानच बंद केलं.

आपल्याकडे प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांनी ‘डायरेक्ट टू मोबाइल’च्या चाचण्या केल्या आहेत. टीव्हीच्या लहरींनी, इंटरनेटशिवाय, थेट फोनवर चित्र. एक लाख जणांनी पाहिलं तरी हवा तेवढीच लागते. अडचण अशी की फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप हवी, आणि फोन बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आणि मोबाइल कंपन्या, दोघांनाही यात उत्साह नाही. पहिल्यांचा खर्च वाढतो, दुसऱ्यांचा डेटा विकला जात नाही. क्रिकेटपुरतं हे कधीतरी येईल. ई-स्पोर्ट्सचा नंबर त्याच्या बराच मागे लागेल.

तोवर एकदा आणून सगळ्यांना दाखवायची रीत आपल्या मंडळांनी केव्हाच शोधलेली आहे: चौकात एक मोठा पडदा. तीनशे फोनांना अठराशे एमबीपीएस लागतात तिथे एका पडद्याला सहा लागतात. फक्त ते सहा नीट द्यायला हवेत. पडद्याचा टीव्ही किंवा लॅपटॉप केबलने जोडा. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण एका सामन्याला तो भरपूर आहे, आणि केबलला गर्दी दिसत नाही. फोनवरून दाखवायचं असेल तर ‘कास्ट’ करा, ‘मिरर’ नको. कास्टमध्ये टीव्ही स्वतःच चित्र आणतो. मिररमध्ये तेच चित्र आधी फोनमध्ये आणि मग फोनमधून टीव्हीत, असं हवेतून दोनदा जातं. चार पडदे असतील तर प्रत्येकावर वेगळा यूट्यूब लावू नका, एका लॅपटॉपमधून एचडीएमआय स्प्लिटरने चारही भरा, म्हणजे एका भिंतीवरचा जल्लोष दुसऱ्या भिंतीचा शेवट फोडणार नाही. पडद्याची लाइन पाहुण्यांच्या वाय-फायपासून राउटरमध्येच वेगळी ठेवा आणि दुसरी लाइन, एखाद्या ५जी राउटरची, तयार असू द्या. इथे अर्ध्या मिनिटाचा साठा ठेवून चालवलं तरी बिघडत नाही. सगळे एकत्रच मागे असतात.

एक खाच उरते, ती कायद्याची. यूट्यूबच्या अटी वैयक्तिक, अव्यावसायिक पाहण्यापुरत्या आहेत आणि सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याला त्यांत मज्जाव आहे. तिकीट लावून किंवा बर्गरच्या कॉम्बोबरोबर सामना दाखवणाऱ्या कॅफेने स्पर्धेच्या आयोजकांची लेखी परवानगी घ्यायला हवी. रायटसारख्या काही गेम कंपन्यांनी सामुदायिक प्रदर्शनासाठी नियम जाहीर केलेले आहेत, त्यांत प्रायोजक कोण चालेल आणि कोण नाही हेही असतं. बहुतेक आयोजकांना प्रेक्षक हवेच असतात, त्यामुळे विचारलं तर नकार क्वचित मिळतो. मेलमध्ये जागा, अंदाजे माणसं, तिकीट आहे की नाही आणि कोणत्या भाषेतलं समालोचन लावणार एवढं लिहावं. आणि जमलं तर त्याच मेलमध्ये विचारून घ्यावं की प्रक्षेपण किती मागे ठेवलंय, म्हणजे सामन्याच्या रात्री त्याचा राग राउटरवर निघणार नाही.